आधी वचन, मग चहा

पारूआत्या गेली त्या सकाळी मी कसाऱ्याच्या शाळेत हजेरी घेत होते. बाबांचा फोन आला. फोनवर लांबण लावायची त्यांना सवय नाही. म्हणाले, "आज पेला वाजला नाय गो. बाय गेली." बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. पेल्याचं पुढे सांगते. त्याआधी आत्याच्या तोंडाचं सांगायला हवं...

सापगावात आजोबांच्या घरात पाटी एकच होती. ती बाबांच्या वाट्याला आली आणि आत्याच्या वाट्याला गुरं. बाबा शिकून रेल्वेत लागले. आत्या अक्षरओळख न होताच लग्न करून मुरबाडकडच्या एका वाडीत गेली. एकोणीसशे नव्वदच्या सुमारास तिचा नवरा आजारी पडला, तेव्हा मुरबाडच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात ती महिनाभर बसून होती. तिथली एक नर्सबाई रोज सकाळी पेशंटांना ख्रिस्ती शास्त्र वाचून दाखवायची. नवरा गेला, पण आत्या त्या वाचनाला चिकटली ती चिकटलीच. वर्षभरात तिने येशूचा मार्ग धरला.

बाबा भडकले. "बापानं विचार करून एकदा धम्म घेतला. त्यात तुला काय कमी पडलं?" आत्या भात पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "कमी काय नाय रे नामा. तुमी वाचून शाणे झालात. मला वाचता येत नाय. त्या पुस्तकातला देव हत्यार-अवजार काय घेत नाय, नुसता बोलतो, नि उजेड होतो. माझ्याजवळ तरी दुसरं काय हाय? तोंडच ना." बाबा तसेच उठून चालू लागले.

त्यानंतर तिने घराला एक नियम लावला. वाचता येणारं जे कोणी उंबऱ्यात येईल, मग तो मीटर बघणारा असो की ग्रामसेवक, त्याच्या हातात ती काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक द्यायची. "आधी वचन, मग चहा." तेही मोठ्याने. मनात वाचलेलं चालायचं नाही. "देव मनात बोलला असता तर जग झालं असतं काय?" समोरच्याने वाचलं की ती तीनदा म्हणायची, आणि मग ते वचन कायमचं तिचं. लावणीला वाकली की तेच तोंडात. बाया चिडवायच्या, "पारूबाय, तुजा रेडिओ जरा बारीक कर." ही म्हणायची, "सेल संपले का आपोआप बंद होईल."

बाबा मात्र वाचायचे नाहीत. आमच्या ओट्यावर बसून आख्ख्या आळीला पेपर वाचून दाखवणारा माणूस, पण बहिणीच्या दारात तोंडाला कुलूप. तिची कौलं शाकारायचे, भात झोडू लागायचे आणि चहा न घेता निघायचे. आणि तीही अशी हट्टी, की सख्ख्या भावापुढे वचनाशिवाय चहाचा पेला ठेवला नाही. अकरा वर्षं हे चाललं. मला दोघांचाही राग यायचा. ज्याच्या पाटीसाठी तिने गुरं राखली, त्याच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं तिला, बाकी काही नाही. आणि त्याला ते कळत होतं.

बरं, तिचा स्वतःचा शब्दही तसाच. माझ्या लग्नाला "येते" म्हणाली होती. त्या दिवशी एसटी बंद. मुरबाडहून शहापूरपर्यंत अर्धी वाट पायी आणि अर्धी दुधाच्या टेम्पोत बसून, धुळीने भरलेली, अक्षता पडायच्या आत मांडवात हजर. मी रागावले तर म्हणाली, "माझ्या देवाचा शब्द खाली पडत नाय. मग माझा मी कसा पडू देऊ?"

ती जायच्या दोन वर्षं आधी तिला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. बाबांनी तिला सापगावला आणलं, खिडकीखाली लोखंडी खाट टाकली. मीही रजा काढून आले. पहिल्या सकाळी त्यांनी स्वतः चहा करून स्टीलच्या पेल्यात आणला. तिने ओठ मिटून घेतले. डाव्या हाताने उशाचं पुस्तक त्यांच्याकडे सरकवलं. मी म्हटलं, "आत्या, मी वाचते." तिने मान फिरवली. दुसऱ्या दिवशी तेच. पाणी प्यायची, पेज खायची, चहा नाही. तिसऱ्या दिवशी बाबा ओरडले, "माझ्या घरात तुझा नियम?" तिने पुस्तक आणखी एक बोट पुढे सरकवलं.

चौथ्या सकाळी बाबांनी चष्मा लावला. "मी मानत नाय, बाय. आत्ताच सांगून ठेवतो. पण वाचतो."

त्यांनी वाचलं, मोठ्याने. आत्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. डोळ्यांतून पाणी कानावर उतरत होतं... मग तिने चहा घेतला. मी चुलीपाशी उभी राहून रडले, उगाच खोटं कशाला सांगू.

तेव्हापासून ते रोजचं झालं. बाबांना एखादी ओळ पटली नाही की ते ती गुपचूप गाळायचे. पण आत्याला सगळं पाठ. ती रिकामा पेला उचलून खाटेच्या दांडीवर हाणायची. टण्ण! बाबा पुटपुटत, कपाळाला आठ्या घालत मागे जायचे आणि ती ओळ वाचायचे. दोन वर्षांत एकही ओळ तिने सोडली नाही.

तिला मुरबाडला तिच्या लोकांत मातीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर बाबा दोन चहा करून खाटेजवळ बसलेले, मांडीवर पुस्तक. मी म्हटलं, "बाबा, आता कशाला?"

"चहा प्यायचाय ना."

वाचता वाचता एका जागी त्यांचा आवाज अडखळला आणि सवयीने एक ओळ ओलांडून पुढे गेला. मग ते थांबले. रिकाम्या खाटेकडे बघत राहिले. तिचा पेला भरलेला, जागच्या जागी.

मग बाबांनी बोट मागे नेलं आणि ती गाळलेली ओळ वाचली, आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी.