चित्रकोटहून परतताना काकाच्या घरचा प्लग

इलेक्ट्रिक कार घेतली तेव्हा मी एकटी नव्हते, पाठीशी अख्खं सरकार होतं. कंपनीला कारखान्यासाठी सवलती, मला रोड टॅक्समध्ये सूट आणि दोघांना मिळून धूरमुक्त भविष्याचं आश्वासन. एवढा पाठिंबा मला दहावीतही मिळाला नव्हता! म्हणून रेल्वेतून रिटायर झालेल्या बाबांना घेऊन रायपूरहून चित्रकोटचा धबधबा बघायला निघाले.

धमतरीपर्यंत रस्ता झकास. कांकेरच्या ढाब्यावर चार्जर चालू होता, म्हणजे दोन तास तिथेच. चहा, भजी, पुन्हा चहा. विजेपेक्षा भज्यांचं बिल जास्त होतं, हे जाहिरातीत लिहीत नाहीत. केशकालच्या घाटात बाबा जंगल सोडून बॅटरीचा आकडाच बघत बसले. धबधबा मात्र अप्रतिम. पावसाळा सरता सरता जा, आणि जगदलपूरला खोली घेण्याआधी गाडीजवळ प्लग आहे का ते विचारा.

परतताना कांकेरचा चार्जर बंद. "सर्वर डाउन है दीदी," ढाबेवाला म्हणाला. एसी बंद करून रडतखडत नवा रायपूर गाठलं. राजधानीत तरी सोय असणार! होतीच. रुंद, रिकाम्या रस्त्याकाठी नवाकोरा चार्जर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, वर लाल फीत.

"उद्घाटन नइ होय हे दीदी," गार्ड म्हणाला. "साहब मन ला टाइम मिलही, तभे चालू होही." म्हणजे साहेबांना सवड मिळेपर्यंत चार्जर बंदच.

बॅटरी सहा टक्के, घर अजून लांब. जवळच्या सेक्टरमध्ये काका राहतो, बाबांचा एकुलता एक धाकटा भाऊ. त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत बाबांचं नाव त्याच्या नावाखाली छापलं गेलं, तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. छापणाऱ्याची चूक, असं काका सांगत आला. बाबांना पटलं नाही. मला या अबोल्याचं फार वाईट वाटायचं.

"मी पैदल जाईन, पन त्याच्या दारात नाही," बाबा म्हणाले. मी गाडी वळवली.

काकाने काही न विचारता स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर सोडली. चहा येईपर्यंत भांडण जुंपलं. बाबा ताडकन उठले.

"चाल पोरी!"

"बाबा, आठच टक्के झालेत."

बसले. पुन्हा जुंपली, पुन्हा उठले.

"दहा."

पुन्हा बसले. पेट्रोलची गाडी असती तर आम्ही केव्हाच तरातरा निघून गेलो असतो.

शेवटी काका खाली मान घालून म्हणाला, "छापणाऱ्याची चूक नव्हती, दादा. मीच तसं लिहून देल्लं. पोरीच्या सासरी मले मोठं दिसायचं होतं."

बाबा या वेळी उठले नाहीत. मग म्हणाले, "काहून आधी नाही सांगितलं बे?" आणि जेवायलाच बसले.

याला महिना झाला. धबधब्याचे फोटो मोबाइलमध्ये पडून आहेत. त्या चार्जरचं हारतुऱ्यांसकट उद्घाटन झालं आणि लगेच तो बंदही पडला म्हणे. पडू दे. सरकारी माहितीपत्रकात नसलेला फायदा मला मिळालाय.

काल रविवार. गाडी आदल्या रात्रीच घरी पूर्ण चार्ज केली होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर येऊन बसले.

"चाल, काकाकडून चार्ज करून आणू."

"बाबा, फुल आहे."

"हव, मालूम हाय मले. चाल."