प्रधानकाकांचं लॉन आणि हुमणी

जुन्या बिल्डिंगची माणसं भेटली की चहा गार होतो, पण लॉनच्या गोष्टी काही संपत नाहीत. वसईतली आमची ती तीन मजली सोसायटी पाडून आता टॉवर झालाय. वर पोडियमवर प्लॅस्टिकची हिरवळ आहे. तिला कीड लागत नाही, आणि तिच्यावर कुणी गप्पा मारत बसतही नाही!

खरं लॉन होतं तळमजल्यावरच्या प्रधानकाकांच्या दारासमोर. काकूंना सकाळी गवतावर अनवाणी चालायला आवडायचं, म्हणून काकांनी रिटायर झाल्यावर ते स्वतः लावलं होतं.

*

एकदा पावसाळा सरता सरता गवत पिवळं पडलं. काकांनी पाणी वाढवलं, खत घातलं. काही उपयोग नाही. शेवटी वैतागून मूठभर गवत उपटायला गेले, तर सतरंजीसारखं अख्खं वर आलं! मुळंच नव्हती. खाली पांढऱ्या, जाडजूड, गोल वळलेल्या अळ्या.

शेजारच्या लोपीस अंकलची जवळच्या सांडोर गावात केळीची वाडी. ते वाकून म्हणाले, "हुमणी! मुळं खाते ही."

काकू चष्मा लावून आल्या. "अगं बाई, अगदी सोललेली कोळंबी!"

त्या दिवशी घरात कोळंबीचंच कालवण होतं. पक्के मासेखाऊ काका दहीभात खाऊन उठले!

*

हुमणीच्या अळ्यांचे पुढे भुंगेरे होतात आणि ते जूनमध्ये दिव्यावर येतात. म्हणून पुढच्या जूनमध्ये अंकलच्या सल्ल्याने काकांनी हॅलोजन लावला आणि खाली घमेल्यात साबणाचं पाणी ठेवलं. संध्याकाळी लॉन नुसतं लखलखलं!

तेवढ्यात रिक्षातून एक जोडपं उतरलं, हातात प्रेझेंट. मागच्या गल्लीतल्या हळदीला आले होते बिचारे. काकांना वाटलं, कुणाकडे तरी आले असतील. त्यांनी खुर्च्या दिल्या, काकूंनी सरबत दिलं. बऱ्याच वेळाने पाहुण्यांनी विचारलं, "बाकीची मंडळी कधी येणार?"

काकांनी घमेल्याकडे बोट केलं. "यायला लागलेत की!"

*

अळ्या कमी झाल्या, तर घुशींनी लॉन पोखरलं. काकांनी एका बिळात पाइप सोडला. घूस काही बाहेर येईना. पाणी मात्र निघालं थेट गेटपाशी, 'पाणी जपून वापरा' या आमच्याच बोर्डाखाली!

नेमका पाण्याचा टँकर आत शिरत होता. ड्रायव्हरने ब्रेक मारला. "काका, आज नको ना?"

*

काका माती उकरायला बसले की साळुंक्या भोवती जमायच्या, अळ्या टिपायला. काकू गेल्यानंतर काका बाहेरच पडेनात. खुरपं दाराशी तसंच पडून. एका सकाळी साळुंक्या खिडकीच्या ग्रिलवर येऊन बसल्या आणि जो कलकलाट सुरू केला!

शेवटी दार उघडलं. "आलो गं बायांनो, आलो!"

आम्ही गॅलरीतून बघत होतो.

*

पुढे एका वर्षी लॉन काढून पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव आला. मीटिंग लॉनवरच भरली. पहिल्या मजल्यावरचे सावंत तावातावाने सांगत होते, "किडे, घुशी, चिखल! उखडून टाका एकदाचं!" काका खाली मान घालून बसले होते.

सावंत आवेशात मागे रेलले आणि खुर्चीचा पाय गेला बिळात! सावंत गवतावर उताणे. सगळे धावले.

सावंतांनी हात वर केला. "थांबा. उठवू नका मला."

ते आभाळाकडे बघत तसेच पडून राहिले. तळव्यांनी गवत चाचपत.

चेअरमन जरा वेळाने खाकरले. "सावंत, ठरावाचं काय करायचं?"

सावंतांनी डोळे मिटले. "कसला ठराव?"