साहेबाच्या थडग्याला चुना

चिखलदऱ्याच्या धुक्यात कॉफी पांढरीशुभ्र फुलली होती. हा मळा लावणाऱ्या साहेबाची पणती विलायतेहून आली होती आणि त्याच्या थडग्यावर फुलं वाहून त्यावरून हळुवार हात फिरवत होती.

"किती जपलंत हो! आमच्या घरी तर यांचं कुणी नावही काढत नाही."

दर दिवाळीला थडग्याला चुना आमचंच घर देतं. माझे पणजोबा साहेबाचे मुकादम. इथल्या कोरकू आदिवासींनी आपल्या मृतांसाठी रोवलेले कोरीव खांब पणजोबांनीच उपटवले आणि तिथे रोपं लावून घेतली. तिला सांगावं का? धुक्यात सगळं किती निष्पाप दिसत होतं! तरी सांगितलं.

"कुठे होते ते खांब?"

मी फुललेल्या झुडपांकडे हात केला. तिने थडग्यावर वाहिलेली फुलं पुन्हा उचलली. ती कुठे ठेवावीत, हे आम्हा दोघांनाही कळेना.