जप्तीच्या इंजिनावरचं पोतं

आमच्या थोरल्या साडूंच्या हातात पाना असला, की यमानंही आपला रेडा लांब बांधावा. त्यांनी तोही खोलून पाहिला असता. सिरोंच्याजवळ गोदावरीच्या काठी ते डोंगा चालवत, मासे धरत आणि उरलेल्या वेळात घरातल्या वस्तूंचा जीव घेत. माझ्या लग्नात आहेरात आलेलं घड्याळ त्यांनी मांडवातच खोललं. जुळवून दिलं तेव्हा ते चालत होतं, पण दोन्ही काटे बरोबरीनं. मेहुणीबाई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, हसत एवढंच म्हणाल्या की आमच्या घरी तर तेही चालत नाही.

नव्वदीनंतर कधीतरी जंगल खात्यानं सागवान चोरांची इंजिनाची नाव पकडून डेपोत आणून टाकली. तिथल्या चौकीदाराला मासे पोचवून साडू रोज तिच्यापुढे जाऊन बसत आणि तिचं इंजिन खोलून पाहत. बांबूच्या कामट्यांवर त्यांनी मापं कोरली, भंगारातलं स्कूटरचं इंजिन आणलं, त्याला लांब दांडा आणि पंखा जोडून ते आपल्या डोंग्यावर बसवलं. चोरांनी इंजिनावर ओलं पोतं गुंडाळलं होतं, तेही उचलून आपल्या इंजिनावर बांधलं. प्रत्येक फेरीआधी ते पोतं भक्तिभावानं नदीत बुचकळत. त्याचं काय काम, असं मी विचारलं.

"त्यायनं उगाच नाई बांधलं, भाऊ. नुसतं पाहून केलं तं नक्कल. खोलून, तसंच्या तसं केलं तं विद्या."

नाव चालली, आणि मांजराच्या पावलानं चालली. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

त्याच पावसाळ्यात मेहुणीबाईंचा ताप मेंदूत गेला. इकडचे रस्ते बुडालेले, म्हणून पैलतीरावर दवाखान्याची जीप बोलावली. मेहुणीबाईंना नावेत घालून निघालो तेव्हा सकाळ होती, पण नदीवर दाट धुकं. आमचं इंजिन इतकं गप्प, की अर्ध्या पात्रात असताना पलीकडची जीप सुरू झालेली स्पष्ट ऐकू आली, आणि मग दूर जाताना. आम्ही जिवाच्या आकांतानं हाका मारल्या. हाका पोचल्या नाहीत. काठावरच्या कोळ्यानं सांगितलं, की ड्रायव्हर बराच वेळ कान देऊन उभा होता. इंजिन ऐकू येईना, तेव्हा नाव निघालीच नाही असं समजून परतला. दुसरी गाडी येण्याआधी मेहुणीबाई वाळूवरच गेल्या.

साडू कितीतरी वेळ पोत्याकडे बघत राहिले. चोरांना जंगल खात्यापासून आवाज लपवायचा होता, हे त्यांना तिथं कळलं.

"खोललं मी, भाऊ," ते म्हणाले. "पण काऊन बांधलं, ते मनाले इचारलं नाई."

मेहुणीबाईंना परत घरी नेताना त्यांनी पोतं सोडून पाण्यात टाकलं आणि इंजिन सुरू केलं. ते केवढं ओरडलं. नाव येते आहे हे साऱ्या गावाला कळलं, आणि धुक्यात लोक काठावर येऊन उभे राहिले. मी मेहुणीबाईंच्या अंगावरची चादर नीट केली.