वसुधाताईंच्या दारापुढच्या तीन पायऱ्या

वसुधाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॅनडात, सरे शहरातल्या एका दुकानात शेल्फवर डबे लावत होते. त्यांचे धाकटे भाऊ श्रीकांतदादा एवढंच म्हणाले, "ताई गेली गं... सकाळी, झोपेतच." डबा कितीतरी वेळ माझ्या हातातच राहिला.

त्याआधी देशाच्या दुसऱ्या टोकाला, किचनर शहरात शिकत असताना दोन वर्षं मी ताईंच्या बेसमेंटमध्ये राहिले. त्या सॉफ्टवेअर कंपनीत होत्या. लहानपणी पोलिओ झालेला, पन्नाशीत व्हीलचेअर आली. दारापुढे तीन पायऱ्या. बाहेर जायचं तर खुर्ची उचलायला शेजारचे काका आणि मी. "निघालं सामान," असं म्हणून त्या हसायच्या. मला त्या हसण्याचाच राग यायचा.

कंपनी त्यांच्या हेल्थ स्पेंडिंग अकाउंटमध्ये दरवर्षी काही रक्कम ठेवायची. विमा देत नाही तो आजारपणाचा, अपंगत्वाचा खर्च त्यातून मिळे. ताई त्याला हातच लावत नसत. बाथरूममधला आधाराचा दांडासुद्धा पदरच्या पैशांनी बसवला. "साठू दे, एकदम रॅम्प करीन." खातं म्हटलं की साठवायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली. कंपनीची पुस्तिकाही पेन्सिल घेऊन वाचली. न वापरलेली रक्कम एकच वर्ष पुढे जात होती. जुन्या रकमा केव्हाच बुडाल्या होत्या, गेल्या वर्षीची डिसेंबरअखेर जाणार होती.

मी पेटले. कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. ताईंनी चष्मा लावून ते नीट वाचलं.

"फार छान लिहिलंयस. फक्त यात डॉक्टरची चिठ्ठी नाही आणि सुताराचं बिल नाही."

"पण हा अन्याय आहे, ताई."

"आहेच. त्याच्याशी पुढच्या आठवड्यात भांड. आधी सुताराला फोन कर."

बर्फ पडायच्या आत रॅम्प झाला, क्लेमही मंजूर झाला. तरी माझा प्रश्न आजही तोच आहे: स्वतःच्या दारातून बाहेर पडायला माणसाला वर्षअखेरीची मुदत का असावी?

पहिल्याच दिवशी ताई एकट्या कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंत जाऊन आल्या आणि त्यांनी बेल वाजवली. किल्ली मांडीवरच होती.

"किल्ली आहे की, ताई."

"असू दे. एकटी बाहेरून आलेय. कुणीतरी दार उघडायला नको?"

मग रोज तेच...

त्या गेल्या त्या आठवड्यात मी किचनरला गेले. माणसांची ये-जा होती, दार सताड उघडं. मी रॅम्पवरून वर गेले आणि बेल वाजवली. श्रीकांतदादा बाहेर आले.

"दार उघडंच आहे गं. बेल कशाला?"

मी ताईंची सवय सांगितली. ते परत आत गेले. त्यांनी दार लोटून घेतलं, आणि मग माझ्यासाठी उघडलं.