अपडेट मारताना ऐकू आलेला आवाज

मंडळी, मी मोबाईल दुरुस्त करतो. केनवडला बसथांब्यासमोर माझं छोटंसं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

भूतबित, करणी, बाहेरचं... हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. एकदा एक काका फोनला लिंबू बांधून घेऊन आले होते. "आपोआप नंबर लावते, काहीतरी लागलं याले." उघडून पाहिला तर स्क्रीनखाली पाणी. सुकवून दिला आणि लिंबू त्यांना सरबताला परत केलं. मी कसा माणूस आहे ते यावरून कळलं असेल.

गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. दुपारचा एक वाजला असेल. आमच्या गावातल्या अंगणवाडीच्या वर्षाताई आईला घेऊन दुकानात आल्या. आई मूळ आसेगावच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली, तेव्हापासून त्या लेकीकडेच राहतात. तोंडातून 'अं... अं...' एवढंच निघतं. दोघींना रिसोडला डॉक्टरांकडे जायचं होतं आणि बसला वेळ होता. मी आईंना पंख्याखाली खुर्ची दिली.

"भाऊ, फोन लय हँग होऊन राह्यला," ताई म्हणाल्या. "पण काही मिटवजा नोका. माह्या मायचं बोलनं हाय त्याच्यात."

आई आसेगावला होत्या तेव्हा दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या. फोनमधलं कॉल रेकॉर्डिंग कधीतरी चुकून चालू झालं होतं, ते तसंच राहिलं. जेवली का, कोणाचं लग्न जमलं, म्हैस व्याली का... तीन-चार वर्षांचं असलं सगळं साठलेलं. आता त्या रोज रात्री त्यातलं एखादं आईच्या उशाशी बसून लावायच्या. आई स्वतःचाच आवाज ऐकून हसायच्या म्हणे.

मी फोन पाहिला. मोठा अपडेट येऊन पडला होता. म्हटलं, "ताई, हा मारून देतो. फोन मोकळा होईन."

"त्यानं काही जात नाही ना?"

"अपडेटनं काय जाते ताई! रोज दहा मारतो मी."

हे वाक्य मी किती सहज बोललो होतो, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. आधी सगळं पेनड्राईव्हवर काढून घ्यायला दहा मिनिटं लागली असती. मी आळस केला. रिपेअरवाल्यांच्या ग्रुपवर त्याच दिवशी सकाळी मेसेज पडला होता की या मॉडेलला हा अपडेट मारू नका, फोन कंपनीच्या लोगोवरच अडकतात, पुढे चालू होत नाहीत. मी ग्रुप म्यूट करून ठेवलेला.

ताई आईंसाठी रस आणायला समोर गेल्या. दुकानात मी आणि आई, दोघंच. अपडेट डाउनलोड झाला. 'इन्स्टॉल'वर बोट न्यायला आणि मागून आवाज यायला एकच गाठ पडली.

"राहू दे ना बापा... पोरीचं जाईन ना थे."

बाईचा आवाज. जरा घोगरा, 'बापा' लांबवलेला, लहान मुलाची समजूत काढावी तसा. अगदी कानाशी, स्वच्छ.

मी मागे वळलो. आई पंख्याकडे बघत बसल्या होत्या. वाकडं झालेलं तोंड, हातात लाळ पुसायचा रुमाल. दाराबाहेर उन्हात चिटपाखरू नव्हतं. शेजारच्या टेलरला ओरडून विचारलं, कोणी बाई आली होती का? तो म्हणाला, या उन्हात कोन येते?

मी स्वतःशीच हसलो. ऊन डोक्यात चढलं म्हटलं. आणि बटण दाबलं.

फोन बंद झाला, चालू झाला, लोगो आला. पुन्हा बंद, पुन्हा लोगो. ताई रस घेऊन आल्या तेव्हाही लोगोच येत-जात होता. त्यांना म्हटलं, उद्या या. दोन दिवस मी सगळे उपाय केले. मग वाशिमला माझ्याहून जाणत्या माणसाकडे घेऊन गेलो. तो म्हणाला, फोन चालू करून देतो, पण आतलं सगळं पुसावंच लागेल.

ताईंना सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आता मायले काय ऐकवू भाऊ?" एवढंच बोलल्या.

तेव्हापासून मी आधी कॉपी काढल्याशिवाय कोणाच्याही फोनला हात लावत नाही. तुम्हीही अपडेट आला की लगेच दाबू नका. चार दिवस थांबा, लोकांचे फोन काय म्हणतात ते बघा. घाईनं काही मिळत नाही हो.

आवाजाचं मात्र मी कोणाला सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात ताई चार्जर घ्यायला आल्या. आई घरीच होत्या. दुकानात कोणी नव्हतं आणि मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

त्या स्टूलवर बसल्या. "कशी म्हनली? तशीच म्हनून दाखवा."

मी म्हटलं. जमेल तसं, 'बापा' लांबवून.

ताईंनी तोंडावर पदर घेतला. रडत होत्या की हसत होत्या, कळेना. "मायच थे," म्हणाल्या. "मी शाळेत जायले रडू तं असंच म्हने मले. बापा."

मी आईंचा आवाज त्याआधी कधीच ऐकला नव्हता. रेकॉर्डिंग मी एकदाही लावलं नव्हतं. डॉक्टर म्हणतात, त्यांना बोलता येणं शक्य नाही. मग मी काय ऐकलं? तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा.

पण माझी झोप उडाली ती त्यानं नाही. त्या दिवशी जाताना ताईंनी डोळे पुसले, चार्जर पिशवीत टाकला, पायरी उतरल्या आणि तिथूनच वळून पाहिलं.

"मायनं सांगतलं होतं ना तुमाले," त्या म्हणाल्या. "मंग काहून दाबलं, भाऊ?"