बोट ठेव

पुतण्याचा फोन वाजत होता आणि मी तो उचलत नव्हते. शेवंतावहिनी, माझी थोरली जाऊ, चार दिवस इस्पितळात होती. असा फोन कशाचा असणार ते मला ठाऊक होतं... उचलत नाही तोवर ती आहे, एवढंच मनात. वहिनीने पहिल्याच घंटीला उचलला असता.

परळच्या चाळीत मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं हे असंच. तिला सगळं कळायला हवं, मला काहीच नको. आणि वाचता यायचं ते मला! तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत गोळीबार झाला की जखमींची नावं व्यायामशाळेच्या फळ्यावर खडूने लिहीत. एका दुपारी मोठे भावोजी, म्हणजे तिचे यजमान, मोर्चाहून परतले नाहीत. मी दार लोटून तांदूळ निवडत बसले, निवडलेलेच पुन्हा. वहिनीने मला दंडाला धरून खाली नेलं. भावोजींचं नाव तिसऱ्या ओळीत होतं. "नाही हो त्यांचं नाव," मी म्हणाले.

ती फळ्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. "खोटा सांगतंस. वायट आसला तरी चलात, पण माका कळाक होया. खंय आसा ता? बोट ठेव." कुठे आहे नाव, ते तिला हवं होतं; मी त्यावर बोट ठेवलं. मांडीत गोळी, एवढं वाचून दाखवलं. तिने पदर खोचला आणि तडक इस्पितळाची वाट धरली. मला ती दगडाच्या काळजाची वाटली. साफ चुकलं माझं. घाबरलेल्या आम्ही दोघीही होतो; तिची भीती तिला चालवायची, माझी मला बसवून ठेवायची. भावोजी वाचले, लंगडत का होईना गिरणीत जाऊ लागले. आणि वहिनी माझ्याकडूनच अक्षरं शिकली, का तर माझ्या वाचण्यावर भरवसा नाही!

त्या फोनच्या महिनाभर आधी दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून तिचं दुखणं सांगितलं. आत येऊन मी म्हणाले, "काही विशेष नाही." ती हसली. "खंय आसा ता, सुमन? बोट ठेव." मी तिच्या पोटावर, उजव्या कुशीपाशी बोट ठेवलं. माझे डोळे वाहत होते, तिचे नाही. "मगे सगळ्यांका बोलय. एकदा बघून घेतंय." सगळे आले, भेटले.

तिच्या निधनाची बातमी आलेलं वर्तमानपत्र तीन आठवडे कपाटावर घडीतच पडून होतं. काल मी ते खाली काढलं, उघडलं, नाव शोधलं आणि त्यावर बोट ठेवलं. मग बराच वेळ ते उचलवेना.